दत्तक, कफालत आणि सीमेपलीकडे जाणारे मूल

दत्तक घेणे इस्लाममध्ये वैध आहे काय, हा प्रश्न इमाम या नात्याने मला अनेकदा विचारला गेला आहे. त्याचे उत्तर मी बहुतेक वेळा एका वाक्यात देऊन मोकळा झालो आहे. दत्तक नाही, कफालत आहे. नाव पित्याचेच राहील, सांभाळ तुम्ही करू शकता. उत्तर चुकीचे नव्हते. परंतु ते इतके झटपट दिले जात होते की विचारणारा माणूस कोणत्या अडचणीतून आला आहे, हे ऐकून घेण्याची तसदी मी घेत नव्हतो. गेल्या वर्षी किनवटमध्ये एका कुटुंबाने हाच प्रश्न माझ्यापुढे ठेवला आणि माझे ते एक वाक्य अपुरे पडले.

प्रकरण असे होते. एका तरुणाचे अपघातात निधन झाले. मागे पत्नी, सहा वर्षांचा मुलगा आणि वृद्ध वडील. मृताचा थोरला भाऊ शिक्षणानंतर कॅनडात स्थायिक झालेला. तेथील नागरिकत्वही त्याला मिळालेले. त्याला मूल नाही. भावाच्या मुलाला आपल्याकडे नेऊन वाढवावे, अशी इच्छा त्याने मनापासून व्यक्त केली. त्याच्या हेतूविषयी मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पण नुसत्या इच्छेवर मूल विमानात बसत नाही, त्याला कागद लागतो. आणि तो कागद दत्तकाचा होता.

येथे कायद्याची माहिती थोडी विस्ताराने देणे भाग आहे, कारण आपल्या घराघरांत याविषयी फार गैरसमज आहेत. एका देशातील मूल दुसऱ्या देशात दत्तक जाण्यासंबंधीचा मुख्य आंतरराष्ट्रीय करार २९ मे १९९३ रोजी नेदरलँड्समधील हेग येथे झाला. भारताने त्याला २००३ मध्ये मान्यता दिली. कराराचा गाभा थोडक्यात असा की मुलाचा पहिला हक्क आपल्या जन्मदात्या कुटुंबावर. ते शक्य नसेल तर आपल्या देशातील दुसऱ्या योग्य कुटुंबावर. आणि तेही न मिळाल्यासच परदेशातील कुटुंबाचा विचार करावा. आईची संमती मूल जन्मल्यानंतरच घ्यावी, ती पैसे देऊन मिळवलेली नसावी, समजत्या वयाच्या मुलाचे मतही विचारात घ्यावे, मुलाच्या धार्मिक व सांस्कृतिक पार्श्वभूमीकडे लक्ष द्यावे, त्याच्या जन्माची व जन्मदात्यांची माहिती जपून ठेवावी आणि या व्यवहारातून कोणी गैर लाभ कमावू नये, असे करार सांगतो. प्रत्येक देशाने एक मध्यवर्ती यंत्रणा नेमावी, अशीही अट आहे. आपल्याकडे हे काम केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे ‘कारा’, पाहते.

परदेशात राहणाऱ्या नातलगाला आपल्या नात्यातील मूल दत्तक घ्यायचे असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ६० मध्ये मार्ग दिलेला आहे. काका, मामा, आत्या, मावशी, आजी-आजोबा हे नातलगांत मोडतात. पूर्वी न्यायालयाचा आदेश लागे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी तो देतात आणि काराचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. हयात जन्मदात्यांची संमती लागते. मूल पाच वर्षांचे वा त्याहून मोठे असेल तर त्याचीही. हे सर्व सरळ आहे. अडचण पुढे आहे. या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे दत्तक गेलेले मूल आपल्या जन्मदात्यांपासून कायमचे विलग होते आणि दत्तक घेणाऱ्यांचे सर्व हक्कांसह कायदेशीर अपत्य होते. म्हणजे काका हा काका उरत नाही, वडील होतो. आणि आई?

त्या भगिनीने मला नेमके हेच विचारले. “मौलाना, कागदावर सही केल्यावर मी त्याची कोण लागेन?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. तोवर मी सारा विचार पित्याच्या नावाभोवती करीत होतो. आईचा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता.

मराठीचा विद्यार्थी असल्यामुळे मला शब्दांत रेंगाळण्याची सवय आहे. वाचकांनी क्षमा करावी. ‘दत्तक’ म्हणजे दिलेला. या शब्दात देणारा आहे, घेणाराही आहे, पण मुलाला काय हवे याचा त्यात उल्लेख नाही. आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात दत्तकाची जी गाजलेली प्रकरणे आहेत ती पाहा. १८४८ मध्ये सातारचे राज्य इंग्रजांनी खालसा केले ते दत्तक नामंजूर करून. झाशीचेही तेच झाले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक मुलगा १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड म्हणून ख्याती पावला. या सर्व ठिकाणी प्रश्न गादीचा आणि वारसाचा होता. घराण्याला मुलगा हवा होता. मुलाला घर हवे होते म्हणून कोणी दत्तक घेतला नव्हता. अरबीतील ‘तबन्नी’ हा शब्दही असाच आहे. कोणाला तरी आपला पुत्र बनवून घेणे, इतकाच त्याचा अर्थ. ‘कफालत’ मात्र वेगळ्या बाजूने बोलते. तिच्यात भार उचलणे आहे, हमी घेणे आहे. कुरआनात हजरत मरयम (अलै.) यांचा सांभाळ हजरत जकरिया (अलै.) यांच्याकडे सोपवल्याचे सांगताना याच धातूतील शब्द आला आहे (३:३७). त्या बालिकेचा भार कोणी घ्यावा यासाठी लोकांत चढाओढ लागली होती आणि लेखण्या टाकून निर्णय झाला, हेही तेथेच पुढे येते (३:४४). मरयम जकरियांच्या घरी वाढल्या, पण त्या इमरानचीच कन्या राहिल्या.

तबन्नीविषयीचा आदेश सूरह अहजाबच्या चौथ्या व पाचव्या आयतीत आहे. मानलेल्या पुत्रांना अल्लाहने तुमचे खरे पुत्र केलेले नाही, तो केवळ तुमच्या तोंडचा शब्द आहे. त्यांना त्यांच्या पित्यांच्या नावानेच हाक मारा. पिता ठाऊक नसेल तर ते तुमचे धर्मबंधू व स्नेही होत, असा त्याचा आशय आहे. ही आयत आपल्याला पाठ असते. परंतु ती ज्या घरात उतरली त्या घराची हकिकत आपण पुरती ध्यानात घेत नाही.

हजरत जैद बिन हारिसा (रजि.) लहानपणी आईसोबत आजोळी गेलेले असताना टोळीच्या छाप्यात पळवले गेले आणि उकाजच्या बाजारात विकले गेले. हजरत खदीजा (रजि.) यांच्याकडे ते आले आणि त्यांनी जैदना प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सेवेत दिले. आजच्या भाषेत सांगायचे तर ते मानवी तस्करीला बळी पडलेले मूल होते. त्यांचा पिता वर्षानुवर्षे त्यांचा शोध घेत होता. पत्ता लागल्यावर हारिसा आपल्या भावासह खंडणीची रक्कम घेऊन मक्केला आला. प्रेषितांनी (स.) रक्कम घेतली नाही आणि निर्णयही स्वतः केला नाही, तो जैदवर सोपवला. जैदनी (रजि.) प्रेषितांपाशी राहणे पसंत केले. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना काबागृहापाशी नेऊन लोकांसमक्ष आपला पुत्र म्हणून घोषित केले आणि पिता समाधानाने परतला. ही प्रेषित्वापूर्वीची घटना. पुढे अनेक वर्षे लोक त्यांना जैद बिन मुहम्मद म्हणत. मग वरील आयत उतरली आणि ते पुन्हा जैद बिन हारिसा झाले.

या बदलात जैदनी (रजि.) काय गमावले? नाव गमावले. पण प्रेम गमावले नाही, घर गमावले नाही, विश्वास गमावला नाही. मुअताच्या मोहिमेचे पहिले सेनापतिपद त्यांना मिळाले आणि तेथेच ते शहीद झाले. प्रेषितांच्या सोबत्यांपैकी ज्यांचे नाव कुरआनात आले असे ते एकटेच. हजरत सालिम (रजि.) यांचेही तसेच, अबू हुजैफा (रजि.) यांचे मानलेले पुत्र म्हणून ओळखले जात, नंतर त्यांचे स्नेही म्हणून ओळखले गेले, आणि त्यांचा मान तसूभरही कमी झाला नाही. तेव्हा या आदेशाने माया बंद केली असे जे आपले इतर बांधव समजतात, आणि खरे सांगायचे तर आपल्यातीलही पुष्कळ समजतात, ते बरोबर नाही. एक असत्य विधान बंद केले गेले. हारिसाने वाळवंट तुडवून शोधलेला मुलगा त्याच्या नावे राहिला.

पित्याचे नाव पुसले गेल्याने काय होते, हे जगाला विसाव्या शतकाच्या अखेरीस कळू लागले, आणि फार दुःखातून कळले. पुण्यात १९७३ मध्ये जन्मलेले अरुण डोहले यांना तान्हेपणीच एका जर्मन दांपत्याने दत्तक नेले. प्रेमळ घर मिळाले, शिक्षण मिळाले. तरी मोठे झाल्यावर आपली आई कोण, हे विचारायला ते भारतात परतले आणि आपल्याच जन्माचे कागद पाहता यावेत म्हणून त्यांना मुंबई उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय यांच्या पायऱ्या वर्षानुवर्षे चढाव्या लागल्या. पुण्यातीलच प्रीत मंदिर या संस्थेच्या दत्तक व्यवहारांविषयी गंभीर आरोप झाले आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१० मध्ये सीबीआयने तपास हाती घेतला.

हे पुण्याचे झाले. आमच्या जवळचे सांगतो. किनवटहून आदिलाबादकडे जाणारी गाडी थोड्याच वेळात राज्याची सीमा ओलांडते. पलीकडे ज्यांना लंबाडा म्हणतात ते आमच्याकडचे बंजारा. दोन्हीकडे तांडे तेच, गरिबी तीच. १९९९ आणि २००१ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात उघडकीस आले की तेलंगणातील तांड्यांतून नवजात मुली क्षुल्लक रकमेत घेतल्या जात आणि हैदराबादमधील संस्थांमार्फत परदेशी दत्तक पाठवल्या जात. अमेरिकेतील अलाबामा राज्यात कायद्याचे प्राध्यापक असलेले डेव्हिड स्मोलिन आणि त्यांच्या पत्नीने १९९८ मध्ये त्याच राज्यातून दोन मोठ्या मुली दत्तक घेतल्या होत्या. कागद सर्व चोख होते. काही आठवड्यांत मुलींनी सांगितले की आपल्याला आईपासून फसवून वेगळे केले गेले आहे. स्मोलिन यांनी ते दडपले नाही; पुढे आईचा शोध लागला आणि त्यांनी उर्वरित आयुष्यातील मोठा काळ याच विषयाच्या अभ्यासाला दिला. काळा पैसा जसा पांढरा करतात तसे चोरलेले मूल कागदांनी पांढरे केले जाते, असे त्यांचे म्हणणे आहे. दक्षिण कोरियातून गेल्या शतकात फार मोठ्या संख्येने मुले परदेशी गेली. तेथील सत्यशोधन आयोगानेही मार्च २०२५ मध्ये मान्य केले की अनेकांच्या जन्माच्या नोंदी खोट्या केल्या गेल्या होत्या.

आपल्या देशाला या प्रश्नाची जाग एका पत्राने आली. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून परदेशी जाणाऱ्या मुलांच्या हालाकडे लक्ष वेधले आणि न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले. १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी दिलेल्या निर्णयात नियम घालून दिले. आधी भारतीय कुटुंब शोधा, मग परदेश, हे त्यातच सांगितले होते. हेगचा करार त्यानंतर नऊ वर्षांनी आला. त्या काळी परदेशी दांपत्ये येथून मूल नेत ती १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली, म्हणजे आपण मुसलमान ज्या कायद्याने अनाथाचे पालकत्व घेतो त्याच कायद्याने, आणि दत्तकाचा विधी आपल्या देशी जाऊन करीत. एकच कागद एकाला नाव बदलण्याच्या वाटेवर नेई, दुसऱ्याला नाव राखण्याच्या.

आता कफालतीचे आंतरराष्ट्रीय कायद्यात स्थान काय? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत, जिला भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली, कलम २० मध्ये कुटुंबाला पारखे झालेल्या मुलाच्या संगोपनाचे मार्ग सांगताना दत्तकाच्या बरोबरीने इस्लामी कायद्यातील कफालतीचा नावानिशी उल्लेख आहे. दत्तकासंबंधीचे पुढचे कलम तर ज्या देशांत ती पद्धत आहे त्यांच्यापुरतेच लिहिले आहे. १९९३ चा हेग करार मात्र कायमचे माता-पिता व अपत्य असे नाते निर्माण करणाऱ्या दत्तकालाच लागू आहे. कफालत त्याच्या बाहेर राहते. तिला जागा मिळाली ती १९९६ च्या बालसंरक्षणविषयक हेग करारात, ज्यात भारत सामील नाही. मोरोक्को सामील आहे. त्याने कफालतीसाठी स्वतंत्र कायदाही केला आहे. कफालतीला कायदा पाठीशी नसेल तर काय होते, हे पाकिस्तानच्या उदाहरणावरून दिसते. तेथे पालकत्व मिळते, दत्तकत्व नाही. म्हणून कॅनडाने २०१३ मध्ये तेथून येणारी दत्तकाची प्रकरणे घेणेच थांबवले. हे ऐकून आमच्या कॅनडावासी बांधवाने विचारले की मी भावाचा मुलगा भावाचाच म्हणून नेऊ इच्छितो, तर दार बंद; माझा म्हणून नेतो म्हटले तर दार उघडे. मग मी खोटे बोलावे काय?

हाच खरा नैतिक प्रश्न आहे, आणि तो एका वाक्यात सुटणारा नाही. कागदावरील ‘पिता’ हा शब्द म्हणजे वंशाचा दावा, की केवळ कायदेशीर जबाबदारीचे नाव? काही विद्वान म्हणतात की शासनाच्या दप्तरातील शब्दाला शासनाचाच अर्थ असतो. घरात, निकाहात, वारशात सत्य राखले म्हणजे झाले. दुसरे म्हणतात की जाणूनबुजून आपल्या पित्याऐवजी दुसऱ्याच्या नावे स्वतःला जोडणाऱ्याविषयी हदीसमध्ये कठोर इशारा आहे आणि कागदावर लिहिलेले दोन पिढ्यांत खरे मानले जाते. मला दुसऱ्या मताचे वजन अधिक वाटते. तीस वर्षांनंतर त्या मुलाची मुले कागदच पाहतील. आपण मनात काय राखले होते ते त्यांना दिसणार नाही.

तरीही जेथे मुलाला कोणीच नाही, जे उकिरड्यावर वा रेल्वे स्थानकावर सापडले आहे, तेथे माझे मन निराळा कौल देते. फिक्हमध्ये अशा मुलाला ‘लकीत’ म्हणतात. त्याच्या जिवाला धोका असेल तर त्याला उचलणे बंधनकारक आहे, हजरत उमर (रजि.) यांच्यापुढे असे मूल आणले गेले तेव्हा त्यांनी ते स्वतंत्र असल्याचे सांगून त्याच्या खर्चाची जबाबदारी बैतुलमालवर घेतली होती. आज असे मूल परस्पर घरी नेता येत नाही. १०९८ वर कळवावे लागते, बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. कायद्याबाहेर मूल देणे-घेणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. हेतू चांगला असला तरी कागद नसेल तर काय प्रसंग येतो ते आपण पाहिले आहे. मे २०२३ मध्ये बिहारमधून महाराष्ट्रातील मदरशाकडे निघालेल्या ५९ मुलांना भुसावळ व मनमाड येथे गाडीतून उतरवले गेले, शिक्षकांना तुरुंगात जावे लागले. पुढे तस्करीचा आरोप निराधार ठरून प्रकरण बंद झाले, पण मुलांनी आणि शिक्षकांनी भोगले ते भोगलेच.

समितीपुढे गेल्यावर आपल्यासमोर मुख्यतः दत्तकाचाच मार्ग येतो. २०१४ मध्ये शबनम हाशमी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माची व्यक्ती दत्तक घेऊ शकते, मात्र ती सक्ती नाही. ज्याला आपल्या धर्माचा नियम पाळायचा आहे त्याने तो पाळावा. पर्सनल लॉ बोर्डाने त्या वेळी कफालतीची बाजू मांडली होती. बाजू योग्यच होती. पण कफालतीची बाजू मांडणाऱ्या आपल्या समाजाने तिच्यासाठी काय उभे केले, असा प्रश्न कोणी विचारला तर आपण काय दाखवणार? १९७२ मध्ये सर्वांसाठी एक दत्तक विधेयक संसदेत आले तेव्हा आपण विरोध केला, आणि ते मागे पडले. त्यानंतरच्या अर्ध्या शतकात कफालतीला कायदेशीर रूप द्यावे असा मसुदा घेऊन आपण सरकारच्या दारी किती वेळा गेलो? दत्तक नको हे आपण मोठ्याने सांगितले. कफालत हवी हे सांगताना आवाज खाली आला. माझ्या मते, ज्या मुलाचा पिता अज्ञात आहे आणि ज्याच्यापुढे आश्रमाची भिंत एवढाच पर्याय आहे, त्याला श्रद्धावंत घर मिळत असेल तर कायद्याचा आदेश घ्यावा आणि मुलापासून सत्य लपवू नये. मूल दोन वर्षांच्या आतील असेल व घरातील योग्य स्त्रीने त्याला दूध पाजले तर दुधाचे नाते जुळते आणि पडद्याचा प्रश्न पुष्कळ सुटतो. आपल्या हनफींच्या मते थोडे दूधही पुरते, कोकणातील शाफई बांधवांच्या मते पाच वेळा पाजणे आवश्यक. संपत्तीसाठी हयातीत हिबा आहे, मृत्युपत्राने एक तृतीयांशापर्यंत वसीयत आहे. मात्र कायद्याने मिळणाऱ्या वारशामुळे खऱ्या वारसांचा शरीअतने ठरवलेला वाटा बुडणार नाही, याची व्यवस्था आधीच करावी लागेल. हे माझे मत आहे, फतवा नव्हे. ज्यांना प्रसंग असेल त्यांनी जाणत्या मुफ्तींना विचारावे.

किनवटच्या त्या मुलाची गोष्ट अशी नव्हती. त्याला आई होती, आजोबा होते. पिता नसलेल्या अल्पवयीन मुलाला अरबीत ‘यतीम’ म्हणतात, आई हयात असली तरी. मराठीतला ‘अनाथ’ हा शब्द आपण तेथे सरसकट वापरतो आणि त्यामुळे आई दिसेनाशी होते. हनफी फिक्हप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत त्याच्या संगोपनाचा पहिला हक्क आईचा. हेगचा करारही आधी जन्मदात्या कुटुंबाकडेच बोट दाखवतो. आणि ही भगिनी मुलगा का देऊ पाहत होती? शिवणकामावर घर चालत नव्हते म्हणून. म्हणजे अडचण पैशाची होती, आणि तिच्यावरचा उपाय म्हणून मुलाने आई बदलावी असे आम्ही सारे शहाणे लोक सुचवत होतो. पैसे देऊन संमती घेणे करार निषिद्ध मानतो. पैशावाचून अडलेल्या आईची संमती त्याच्या किती जवळ जाते, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

मी तिला विचारले की पैशाची सोय झाली तर काय कराल. ती काही बोलली नाही. मुलाला जवळ ओढून घेतले.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड होती. आजोबांच्या नावे चार एकर कोरडवाहू जमीन. मुलगा बापाआधी वारला आणि दुसरा मुलगा हयात आहे, म्हणून शरीअतच्या वारसा नियमाप्रमाणे नातवाला आजोबांच्या मिळकतीत वाटा येत नाही. या नियमावर आपल्यावर टीका होते. परंतु त्याच शरीअतने आजोबांच्या हाती वसीयत दिली आहे. इजिप्तने १९४६ मध्ये कायदा करून अशा नातवंडांसाठी वसीयत बंधनकारक मानली. पाकिस्तानने १९६१ मध्ये वेगळ्या मार्गाने तोच प्रश्न सोडवू पाहिला. आपल्याकडे असे काही नाही, आणि म्हणून आजोबांनी न विसरणे हाच उपाय उरतो. ते विसरतात. मी माझ्या सेवेच्या काळात अनेक सातबारे पाहिले आहेत, ज्यांवर वारल्याची नोंद झाली, फेरफार झाला आणि यतीमाचे नाव कोठेच आले नाही. अनाथांचे धन खाणारे आपल्या पोटात आग भरतात, हा सूरह निसाचा (४:१०) इशारा आम्ही मिंबरवरून वाचतो आणि खाली उतरल्यावर तलाठी कार्यालयात कोण काय करतो, ते विचारत नाही. ही माझ्या वर्गाची चूक आहे. त्यात मी आहे.

हजरत यूसुफ (अलै.) यांची कथा मला या निमित्ताने वेगळ्या रीतीने वाचता आली. भावांनी विहिरीत टाकलेले मूल, तांड्याने काही दिरहमांना विकलेले, परक्या देशी नेलेले. मिसरमध्ये घेणाऱ्याने पत्नीला सांगितले की याला मानाने ठेव, कदाचित आपण याला पुत्र करून घेऊ (१२:२१). सुखवस्तू घर, नवी भाषा, नवे नाव मिळण्याची शक्यता. पण पुढे तुरुंगात सोबत्यांशी बोलताना ते आपण इब्राहीम, इसहाक आणि याकूब या आपल्या पूर्वजांच्या मार्गावर असल्याचे सांगतात (१२:३८). इतक्या वर्षांनीही मुलाला आपले घराणे ठाऊक होते. आणि तिकडे याकूब (अलै.) यांचे डोळे रडून पांढरे झाले होते. ते मूल राजवाड्यात सुखरूप आहे, हे त्या दुःखावर औषध ठरले नाही.

कॅनडावासी बांधवाशी माझे फोनवर तीनदा बोलणे झाले. पहिल्यांदा तो रागावला. किनवटात त्या मुलाचे काय भविष्य आहे, असे त्याने विचारले, आणि त्याचे म्हणणे अगदीच चूक होते असे मी म्हणणार नाही. येथल्या शाळा मला ठाऊक आहेत. त्या मुलाने कदाचित मोठी संधी गमावली असेल. वीस वर्षांनी त्याने मला जाब विचारला तर मी काय उत्तर देईन, हे आज सांगता येत नाही. तिसऱ्या वेळी त्या बांधवाने विचारले की मग मी काय करू. प्रेषितांनी (स.) अनाथाच्या कफीलाला आपल्या दोन बोटांच्या अंतरावर जवळ असल्याचे सांगितले आहे, त्यात कफील आणि अनाथ एका छताखाली असावेत अशी अट मला आढळलेली नाही, एवढेच मी म्हणालो. दर महिन्याच्या पाच तारखेला आता आईच्या बँक खात्यात रक्कम येते. मुलाच्या सुट्टीत तो स्वतः येतो.

आजोबांनी वसीयत लिहायचे ठरवले तेव्हा दोन साक्षीदार हवे होते. एक मी झालो, दुसरे शेजारचे निवृत्त गुरुजी. मजकूर मराठीत मी सांगत होतो आणि वृद्ध गृहस्थ स्वतःच्या हाताने लिहीत होते. एक तृतीयांश जमीन नातवाला. नातवाचे नाव लिहून झाल्यावर त्यापुढे मुलाचे, म्हणजे वारलेल्या आपल्या लेकाचे, नाव लिहायचे होते. तेथे त्यांचा हात थांबला. गुरुजी म्हणाले, द्या, मी लिहितो. त्यांनी मान हलवून नको म्हटले, चष्मा पुसला आणि नाव पूर्ण केले.